कोवळ्या वयाची जन्मठेप

१९६३ सालच्या नोव्हेंबर महिन्याची १३ तारीख. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यातील बॅटन रूज या शहरी चार्ल्स हर्ट नावाचे एक पोलीस अधिकारी साध्या वेषात गस्त घालीत होते. शाळा बुडवून भटकणाऱ्या मुलांना हुडकून काढणे हे त्यांचे त्या दिवशीचे काम होते. एका उद्यानात हेन्री माँटगोमरी हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा त्यांना आढळला. मुलाजवळ पिस्तूल होते. त्याने गोळी झाडली आणि हर्ट मरण पावले. एक स्त्री विधवा झाली, तीन मुले पोरकी झाली. पुढे नवव्या दिवशी डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि जगाचे डोळे तिकडे वळले. बॅटन रूजच्या त्या दोन कुटुंबांची शोकांतिका मात्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहणार होती.

माँटगोमरीला प्रथम फाशीची शिक्षा झाली. शहरातील वातावरण इतके पेटलेले होते की निःपक्षपाती सुनावणी होणे अशक्य होते, या कारणास्तव राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली तो निकाल रद्द केला. १९६९ साली खटला पुन्हा चालला. ज्यूरीने त्यास दोषी ठरवले, परंतु फाशी नको असे सांगितले. त्याबरोबर कायद्याने आपोआप दुसरी शिक्षा लागू झाली: पॅरोलविना जन्मठेप. आरोपी गुन्ह्याच्या वेळी किती वर्षांचा होता, कोणत्या घरात वाढला, पुढे तो सुधारण्याजोगा आहे किंवा कसे, याचा विचार करण्याची संधीच कोणाला मिळाली नाही.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे अगत्याचे आहे. आपल्याकडे ‘पॅरोल’ म्हटले की घरातील मृत्यू, लग्नकार्य वा आजारपण यांसाठी कैद्याला मिळणारी तात्पुरती रजा आपल्या डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. काही वर्षांची शिक्षा भोगल्यावर कैद्याला एका मंडळापुढे उभे राहता येते. त्याचे वर्तन, त्याचा पश्चात्ताप, त्याच्यापासून समाजाला असलेला धोका यांचा विचार करून ते मंडळ त्यास देखरेखीखाली कायमचे बाहेर पाठवू शकते. पाठवलेच पाहिजे असे बंधन मंडळावर नसते, ते नकारही देऊ शकते. ‘पॅरोलविना जन्मठेप’ म्हणजे हा विचारच कधी व्हायचा नाही. कैदी तुरुंगात म्हातारा होईल, तेथेच मरेल. तो साधू झाला काय आणि तसाच राहिला काय, कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

ही शिक्षा प्रौढांना द्यावी की न द्यावी, हा वेगळा वाद आहे. आम्ही येथे विचार करीत आहोत तो १४, १५, १७ वर्षांच्या मुलांना ती दिली गेली त्या इतिहासाचा. तो इतिहास समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बालगुन्हेगाराला प्रौढ गुन्हेगारापासून वेगळे ठेवावे, त्याला नुसते कोंडून न ठेवता काम शिकवावे, हा विचार अमलात आणण्याचा एक जुना आणि प्रसिद्ध प्रयत्न खुद्द रोम शहरात झाला. पोप अकरावे क्लेमंट यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०३-०४ च्या सुमारास, सान मिकेले येथे मुलांसाठी एक सुधारगृह बांधविले. कार्लो फोंताना हे त्याचे वास्तुशिल्पी. रात्री प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली आणि दिवसा मोठ्या दालनात सर्वांनी मिळून काम, अशी तेथली व्यवस्था होती. तेथील शिस्त कडक होती, फटक्यांची शिक्षाही होती. आजच्या मापाने मोजल्यास त्या वास्तूला आदर्श म्हणता येणार नाही. परंतु त्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन हॉवर्ड हे इंग्रज तुरुंग-सुधारक तेथे गेले, तेव्हा तेथील एका लॅटिन शिलालेखाने ते प्रभावित झाले. दुष्टांना शिक्षेच्या धाकाने आवरणे पुरेसे नाही, शिस्तीने त्यांना सज्जन करता आले पाहिजे, असा त्याचा आशय होता. शिक्षेला एक पुढचा दिवस असतो, ही कल्पना त्या दगडावर कोरलेली होती.

जवळजवळ दोन शतकांनी हीच कल्पना अमेरिकेत कायद्याच्या रूपाने अवतरली. शिकागो शहरात जेन ॲडम्स, ज्यूलिया लेथ्रप, लूसी फ्लॉवर यांसारख्या स्त्रियांनी गरीब वस्त्यांतील मुलांची दैना जवळून पाहिली होती. प्रौढ गुन्हेगारांच्या कोठडीत टाकलेली मुले तेथे काय शिकतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या आणि इतरांच्या प्रयत्नांतून इलिनॉय राज्याने कायदा केला आणि १८९९ साली जगातील पहिले बालन्यायालय शिकागोत सुरू झाले. मुलाने काय केले एवढेच न पाहता त्याला कशाची गरज आहे तेही पाहावे, हे त्या न्यायालयाचे सूत्र. पुढील पाव शतकात अमेरिकेतील बहुतेक सर्व राज्यांनी त्याचे अनुकरण केले.

या व्यवस्थेतही दोष होते. मुलाचे भले करतो आहोत या भावनेने न्यायाधीश पुष्कळदा साधे नियमही पाळीत नसत. ॲरिझोना राज्यात १९६४ साली जेराल्ड गॉल्ट या १५ वर्षांच्या मुलाला, अश्लील दूरध्वनी केल्याच्या आरोपावरून, वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत सुधारगृहात धाडण्याचा आदेश झाला. त्याला वकील मिळाला नाही, तक्रार करणाऱ्या बाईंना न्यायालयात बोलावलेही गेले नाही. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला आणि मुलांनाही वकिलाचा हक्क आहे असे ठरवले. निर्णय योग्यच होता. पण बालन्यायालय हे दयेचे दालन आहे या विश्वासाला तेव्हापासून तडे जाऊ लागले.

खरे वळण आले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील शहरांत मादक द्रव्ये आणि बंदुका यांचा सुळसुळाट झाला. अल्पवयीनांच्या हातून होणाऱ्या खुनांची संख्या वाढली. लोक घाबरले आणि ते घाबरणे अकारण नव्हते. अशा वेळी, १९९५ च्या नोव्हेंबरात, प्रिन्स्टन विद्यापीठातील जॉन डिइयुलिओ या तरुण प्राध्यापकांनी एक लेख लिहिला. ज्यांना ना विवेक ना पश्चात्ताप अशा मुलांची एक पिढी येत आहे, असे त्यांचे भाकीत होते. या मुलांना त्यांनी श्वापदाची उपमा असलेले नाव दिले. ते नाव वृत्तपत्रांनी उचलले, राजकारण्यांनी उचलले, टीव्हीने घरोघर पोहोचवले. त्या दशकात बहुतेक राज्यांनी आपले कायदे बदलून मुलांना प्रौढांच्या न्यायालयात उभे करणे सोपे केले. तेथे खुनाला ठराविक शिक्षा ठरलेली असे. न्यायाधीशाची इच्छा असो वा नसो, १४ वर्षांच्या मुलालाही पॅरोलविना जन्मठेपच द्यावी लागे.

भाकीत साफ खोटे ठरले. तो लेख प्रसिद्ध झाला तेव्हाच अल्पवयीनांचे गंभीर गुन्हे कमी होऊ लागले होते आणि पुढे ते वर्षानुवर्षे घटत गेले. येणारी म्हणून सांगितलेली ती पिढी आलीच नाही. डिइयुलिओ हे कॅथलिक. १९९६ सालच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थना करीत असता आपल्या अंतःकरणाचे परिवर्तन झाले, असे त्यांनी पुढे सांगितले. या मुलांना आवश्यकता आहे ती त्यांना कवेत घेणाऱ्या जबाबदार वडीलधाऱ्यांची, हे त्यांना त्या दिवशी उमगले. आपल्या भाकिताबद्दल त्यांनी जाहीर खेद व्यक्त केला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुलांच्या बाजूने जे निवेदन सादर झाले, त्यावर इतर अभ्यासकांबरोबर त्यांचेही नाव होते. चूक कबूल करणारा विद्वान विरळा, म्हणून त्यांच्याविषयी आम्हांस आदर वाटतो. परंतु लेखकाला आपले शब्द मागे घेता आले. त्या शब्दांच्या छायेत झालेले कायदे आणि त्या कायद्यांखाली कोंडलेली मुले मात्र जेथल्या तेथे राहिली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले कृष्णवर्णीय होती, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

हे दार न्यायालयाने हळूहळू किलकिले केले. २००५ साली, क्रिस्टोफर सिमन्स याच्या खटल्यात, गुन्ह्याच्या वेळी १८ वर्षांहून लहान असलेल्या कोणालाही फाशी देता येणार नाही असा निर्णय झाला. तोपर्यंतच्या तीसेक वर्षांत अमेरिकेत अशा २२ जणांना देहदंड झाला होता. २०१० साली टेरन्स ग्रॅहम याच्या खटल्यात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. ज्या मुलाने कोणाचा जीव घेतलेला नाही, त्याला पॅरोलविना जन्मठेप देता येणार नाही, असे ठरले. अशी शिक्षा भोगणारे त्या वेळी सव्वाशेच्या आसपास होते आणि त्यांतील ७७ जण एकट्या फ्लोरिडा राज्यात होते. २०१२ साली एव्हान मिलर या, गुन्ह्याच्या वेळी १४ वर्षांच्या असलेल्या मुलाच्या खटल्यात असा निकाल लागला की, खून केलेल्या मुलालाही ही शिक्षा आपोआप लागू करता येणार नाही. न्यायाधीशाने त्याचे वय व परिस्थिती पाहिलीच पाहिजे.

या निकालांमागील युक्तिवाद कोणाही आईबापास पटण्यासारखा आहे. मुलाची बुद्धी अपक्व असते, त्याला परिणामांचे भान नसते. सोबत्यांच्या दडपणाला तो लवकर बळी पडतो आणि वाईट घरातून वा वस्तीतून स्वतःहून बाहेर पडणे त्याच्या हाती नसते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याचा स्वभाव अजून घडायचा असतो. मेंदूच्या शास्त्रज्ञांनी हेच आपल्या परीने सांगितले.

यातील तीन निकाल ज्यांनी लिहिले वा ज्यांना निर्णायक पाठिंबा दिला ते न्यायमूर्ती अँथनी केनेडी कॅथलिक होते, आणि त्यांना कडाडून विरोध करणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया हेही कॅथलिकच होते. श्रद्धा एक असली तरी कायद्याचा अर्थ लावताना प्रामाणिक माणसांची मते भिन्न होऊ शकतात, हे आपण ध्यानी ठेवावे. अमेरिकेतील बिशपांनी मात्र सामुदायिकरीत्या २००० साली आपली भूमिका मांडली होती. गुन्हा केलेल्या मुलांकडे समाजाने प्रौढांच्या बरोबरीचे म्हणून पाहू नये, असे त्यांचे आवाहन होते.

आता पुन्हा माँटगोमरीकडे वळू. २०१२ चा निर्णय पूर्वी शिक्षा झालेल्यांनाही लागू होतो का, हा प्रश्न त्याच्याच खटल्यातून उभा राहिला आणि २०१६ च्या जानेवारीत न्यायालयाने ‘होय’ असे उत्तर दिले. तेव्हा त्याच्यासारखे सुमारे २८०० कैदी अमेरिकेत होते. त्यांच्यासाठी आशेची वाट उघडली. त्याच्यासाठी मात्र ती लांबच लांब निघाली. २०१८ साली मंडळाने त्याला नकार दिला. त्याने तुरुंगात पुरेसे शिक्षणवर्ग केले नाहीत, हे एक कारण सांगण्यात आले. वास्तविक पहिली कित्येक वर्षे जन्मठेपेच्या कैद्यांना ते वर्ग खुलेच नव्हते. ज्याला बाहेर जायचेच नाही त्याला शिकवायचे कशाला, असा हिशेब! त्या काळातही त्याने तुरुंगात मुष्टियुद्धाचा संघ उभारला होता, छपाईच्या विभागात काम केले होते. २०१९ साली एका सदस्याच्या विरोधामुळे पुन्हा नकार आला. अखेर १७ नोव्हेंबर २०२१ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, सुमारे ५८ वर्षांनी, तो बाहेर आला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनिया राज्यात जो लिगन हा ८३ वर्षांचा वृद्ध सुटला. १९५३ साली, १५ वर्षांचा असताना, फिलाडेल्फियात मुलांच्या एका टोळक्याबरोबर तो पकडला गेला होता. त्या रात्री दोघांचा भोसकून खून झाला. आपण भोसकले हे त्याने मान्य केले, पण कोणाचा जीव घेतला हे कधीच मान्य केले नाही. पकडला गेला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, ते तो तुरुंगात शिकला. ६८ वर्षे तो आत होता. आपल्यापैकी अनेकांचे संपूर्ण आयुष्यही एवढे नाही.

पण हर्ट यांच्या कुटुंबाचे काय? दयेविषयी लिहिणारे आम्हांसारखे लोक पुष्कळदा हा प्रश्न टाळतात, आणि म्हणून आमची दया स्वस्त वाटते. हर्ट यांच्या मुलांना वडिलांवाचून वाढावे लागले. त्यांच्या कन्येने तुरुंगात जाऊन माँटगोमरीची भेट घेतली, त्याला क्षमा केली. तरीही मंडळापुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेला विरोध केला. यात विसंगती आहे असे आम्हांस वाटत नाही. क्षमा ही हृदयाची देणगी आहे, शिक्षा किती असावी हा न्यायाचा प्रश्न आहे. ज्यांचे माणूस गेले त्यांच्याकडून दोन्हींची मागणी करण्याचा हक्क आपणांस नाही. म्हणूनच सुटकेचा निर्णय शोकाकुल कुटुंबावर न टाकता, सर्व बाजू ऐकून घेणाऱ्या मंडळाकडे असावा. पॅरोल म्हणजे नेमके तेच. त्यात कुटुंबाचे म्हणणे ऐकले जाते. ‘पॅरोलविना’ या शब्दाने ऐकणेच बंद होते.

सुटलेले लोक पुन्हा गुन्हे करतील ही भीतीही खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही, ती तपासावी लागते. फिलाडेल्फियात अशा कैद्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत सुटलेल्या १७४ जणांपैकी पुन्हा दोषी ठरलेले फक्त दोन होते. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांनी आता मुलांसाठी ही शिक्षा रद्द केली आहे, आणि एक हजाराहून अधिक कैदी घरी परतले आहेत.

तरीही ही कथा संपलेली नाही. २०२१ सालच्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आपले पाऊल थोडे मागे घेतले. मुलगा कधीच सुधारणार नाही असा वेगळा निष्कर्ष काढल्याशिवायही न्यायाधीश ही शिक्षा देऊ शकतो, असे ठरले. त्याच महिन्यात अलाबामातील न्यायालयाने एव्हान मिलरला नव्याने शिक्षा सुनावली, ती पुन्हा पॅरोलविना जन्मठेपेचीच. ज्याच्या नावाच्या निकालाने शेकडो जणांची कोठडी उघडली, त्याची स्वतःची कोठडी बंदच राहिली. त्याचा गुन्हा क्रूर होता यात शंका नाही. शेजाऱ्याला मारहाण करून त्याच्या घराला आग लावण्यात तो सामील होता. परंतु तो ५० वर्षांचा झाल्यावर कसा असेल, हे आज कोणाला ठाऊक आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेने ही शिक्षा निषिद्ध मानली आहे. अमेरिकेने १९९५ साली त्या संहितेवर सही केली, पण तिला मान्यता मात्र अद्याप दिलेली नाही. आपल्या देशात २०१२ सालच्या दिल्लीतील अत्याचारानंतर, त्यातील एक आरोपी १८ वर्षांहून लहान असल्यामुळे, लोकक्षोभ उसळला. २०१५ साली नवा बालन्याय कायदा झाला आणि १६ ते १८ वयाच्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची तरतूद झाली. एवढ्या संतापातही त्या कायद्याच्या २१ व्या कलमाने मुलांना फाशी आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप या दोन्ही शिक्षा वर्ज्य ठरवल्या. संतापाच्या काळात राखलेली ही मर्यादा आपण जपली पाहिजे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली व्हॅटिकनच्या कायद्यातून जन्मठेपच काढून टाकली आणि पुढील वर्षी तिला झाकलेला देहदंड म्हटले. मुलांच्या बाबतीत तर ते वर्णन अक्षरशः खरे आहे.

धर्मग्रामात काम करताना १५-१६ वर्षांच्या मुलांचे आईबाप आमच्याकडे येतात. मुलगा वाईट संगतीला लागलेला असतो, चोरी झालेली असते, कधी पोलीस घरी येऊन गेलेले असतात. “फादर, याचं आता काही होणार नाही,” असे बाप म्हणतो आणि आई पदर डोळ्यांना लावते. अशाच एका बापाला, फार वर्षांपूर्वी, आम्ही तरुण आणि उतावीळ असताना, “तुमचं म्हणणं खरं दिसतं” असे उत्तर दिले होते. त्या मुलाने आमच्यासमोरच दानपेटी फोडल्याचे कबूल केले होते, आणि कबुली देताना तो हसला होता. आमचा निकाल त्या हसण्यावर झाला.

बारा-तेरा वर्षांनी एक तरुण आपल्या बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला आला. आम्ही त्याला ओळखले नाही. त्यानेच ओळख दिली. दानपेटीचा विषय त्याने काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. त्याच्या बापाला आम्ही काय सांगितले होते, हे त्याला ठाऊक होते की नाही, हे आम्हांस आजही माहीत नाही. वहीत तारीख लिहिताना आमचा हात मात्र थबकला होता.

आमच्या त्या निकालाला कायद्याचे बळ नव्हते, ही परमेश्वराची कृपा. न्यायाधीशाच्या निकालाला ते असते. मुलाने काय केले याचा निवाडा न्यायालयाने जरूर करावा, शिक्षाही द्यावी, कठोर शिक्षाही द्यावी. मात्र तो पुढे कोण होईल याचा निवाडा आजच लिहून ठेवू नये. तेवढे एक पान कोरे ठेवावे आणि काही वर्षांनी ते उघडून पाहणारा कोणीतरी असावा.